न्हाणीघरात पडलेली माणसं

"दवाखान्यात शिरताना चपला बाहेर काढायच्या आन् खरं बी तिथंच ठिवायचं," असं पंढरी सोनकांबळे एकदा लातूरच्या एका हाडांच्या दवाखान्याच्या पायरीवर म्हणाला होता. ज्याला म्हणाला त्याच्या भावाची मांडी मोडली होती, आणि तो भाऊ मागे टेम्पोत आडवा पडून आईच्या नावानं ओरडत होता. पंढरीनं त्यालाही सांगितलं, "ओरड बाबा, पण काय झालं ते ओरडू नको."

पंढरी उदगीरच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला हमाल. आता चौसष्ट वर्षांचा. त्याच्या जन्माच्या आधीच घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, पण आजीला ते कुणी नीट समजावलं नसावं. तिनं नातवाचं नाव पंढरी ठेवलं. बापानं नाव बदलायचं ठरवलं, आजीनं जेवण सोडायचं ठरवलं, आणि नाव राहिलं. "एवढं एक सोडलं तर माझ्यात देवाचं काही न्हाई," असं तो सांगतो, आणि त्याला ओळखणारे कुणी ते खोडून काढत नाहीत.

पाठीवर क्विंटलभर तूर घेऊन चालणाऱ्याला समोरच्याचे फक्त पाय दिसतात. मोंढ्यातले सगळे अडते पंढरीला पायांवरून ओळखू यायचे. कुणाच्या टाचा फुटलेल्या, कुणाच्या अंगठ्याचं नख काळं, कुणी दिवाळीलाच पाय धुतो. तोंडं त्यानं फार उशिरा पाहिली, आणि पायांपेक्षा ती काही चांगली निघाली नाहीत, असं त्याचं मत.

सतरा वर्षांपूर्वी हरभऱ्याच्या पोत्यांची थप्पी कोसळली आणि त्याच्या उजव्या पायाचा चेंदामेंदा झाला. अडत्यानं त्याला जीपमध्ये घालून लातूरला डॉक्टर अंबरीश यांच्या दवाखान्यात टाकलं, पाच हजार हातावर ठेवले आणि तो जो गेला तो परत आला नाही. बारा दिवसांनी पंढरी कुबडीवर बिलाच्या खिडकीशी आला. खिडकीत रेणुकादास नावाचा कारकून होता. कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं, आवाज असा की समोरच्याला आपण उगाच जगतोय असं वाटावं.

"वाचा," पंढरी म्हणाला.

"वाचायचं काय त्यात? खालचा आकडा बघा आणि भरा."

"मोंढ्यात पट्टी वाचून दाखवतेत साहेब. हमाली किती, तोलाई किती, पोत्यामागं घट किती कापली. शेतकरी अडाणी असला तरी वाचतेत. वाचा."

मागे रांग होती. रेणुकादासनं नाइलाजानं वाचायला सुरुवात केली. सलाइन, सुया, भूल, खोली. मग म्हणाला, "हातमोजे, एकशे चाळीस जोड."

"ऑपरेशन किती वेळ चाललं?"

"पाऊण तास."

"मग डॉक्टर माणूस हाय का गोम?"

रांग हसली. रेणुकादासही हसला, मग मालकाच्या दाराकडे बघून त्यानं तोंड मिटलं. मोजे तीस जोडांवर आले, बिल तीन हजारांनी उतरलं, आणि पंढरी कुबडी टेकत असा बाहेर पडला की एसटी स्टँडावर लोकांना वाटलं, हा माणूस पाय मोडून घ्यायलाच लातूरला आला होता.

ही गोष्ट उदगीरला त्याच्या आधी पोचली. त्यानंतर आसपासच्या गावांत कुणाचं हाड मोडलं की आधी पंढरीला फोन, मग घरच्यांना. तो पैसे घेत नसे. गाडीभाडं, चहा आणि प्लेटभर चुरमुऱ्याची सुशीला, एवढ्यावर तो कुणाच्याही मोडक्या हाडामागे लातूर-नांदेडला जाई. एकदा तर इस्लापूरहून बोलावणं आलं. धबधबा बघायला गेलेला तिथला जावई दगडावरून घसरला होता. पंढरीनं त्याचं बिल अकरा हजारांनी उतरवलं आणि वर सांगितलं, "पुढच्या टायमाला धबधबा मोबाइलवर बघा."

त्याची पद्धत मोंढ्याची होती. मोंढ्यात अडते आणि व्यापारी उपरण्याखाली हात घालून बोटं दाबत, आणि भाव ठरे. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नसे. शेतकऱ्याला तर नाहीच. तीस वर्षं पंढरीनं ते उपरणं बाहेरून पाहिलं. खाली हात हलताना दिसत, माल पंढरीच्या पाठीवर असे. दवाखान्यात त्यानं पहिल्यांदा खांद्यावरचं उपरणं काढलं, हातावर पसरलं आणि खिडकीतून रेणुकादासकडे सरकवलं.

"हे काय आणि?" रेणुकादास दचकला.

"हात घाला आत. एक बोट म्हंजी एक हजार. तुमचा मालक म्हणतो ना, सूट द्या पण रांगेत बोंब नको? हे बघा, बोंबच न्हाई."

रेणुकादासनं इकडेतिकडे पाहिलं आणि हात घातला. त्याच्या सोवळ्या घरात कुणी हमालाला असं बोट धरू दिलं नसतं. पण मालकाला खरंच बोंब नको होती, आणि त्या उपरण्याखाली रेणुकादासला, कसं कोण जाणे, मजा येऊ लागली. पुढे पुढे पंढरी दिसला की तो आपणच खिडकीतून हात काढायचा. "या पंढरीबापू, आज कोण मोडलं?"

पंढरीची दुसरी सेवा आत शिरण्याआधीची होती. गाडीवरून पडलेल्या माणसाला तो आधी विचारी, लायसन हाय का, गाडीचे कागद हायेत का, गाडी कुणाची. तिन्हीपैकी एक तरी नसेच. मग तो सांगे, "रोडवर पडलो म्हणायचं न्हाई. म्हणलं की पोलीस. पोलीस म्हणलं की गाडी ठाण्यात. गाडी ठाण्यात म्हणलं की मेव्हण्याचा फोन." शिवाय पोलीस केस म्हटल्यावर दवाखानाही आधी जास्त पैसे ठेवून घेई. म्हणून म्हाताऱ्यांसाठी न्हाणीघर, तरुणांसाठी जिना आणि ज्याच्याकडे जनावर आहे त्याच्यासाठी बैल, अशी त्यानं वाटणी करून ठेवली होती. त्या भागात इतकी माणसं न्हाणीघरात पडू लागली की डॉक्टर अंबरीश एकदा म्हणाले, "उदगीरला आंघोळ बंद केली तर माझा दवाखाना बंद पडेल." रोग्याच्या पँटवर टायरचा ठसा असे. डॉक्टर ठसा बघत आणि लिहीत, न्हाणीघरात पाय घसरून. ज्याचं त्याचं काम होऊन जाई.

गेल्या वर्षी मार्चात हे सगळं पंढरीच्या घरी आलं.

त्याची सून लुंबिनी तहसीलसमोर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान चालवते. घर तिच्यावर चालतं. नवरा आनंदराज बँकेत कंत्राटी शिपाई, त्याचा पगार येतो तेव्हा येतो. लुंबिनीचं माहेर नायगावचं. तिथून दोघं स्कूटीवर परतत होते, आनंदराज चालवत होता. उदगीर दहा-बारा किलोमीटर राहिलं असताना एका पाटीवर, गावाच्या फाट्याशी, मागून आलेल्या काळीपिवळी जीपनं स्कूटीला उडवलं आणि स्वतः खड्ड्यात गेली. आनंदराजला खरचटलं. लुंबिनीची डावी नडगी दोन ठिकाणी मोडली.

पंढरी रुग्णवाहिकेच्याच मागोमाग लातूरला पोचला. लुंबिनीला दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं, ती अर्धवट गुंगीत. आनंदराज बाहेर पट्टी बांधून घेत होता. अपूर्वा नावाच्या नव्या शिकाऊ डॉक्टरनं पेन काढून विचारलं, "कसं लागलं?"

पंढरीनं तोंड उघडलं आणि सवय बोलली. "जिन्यावरून पडली."

"कुठल्या जिन्यावरून?"

"घरच्या."

सोनकांबळ्यांचं घर पत्र्याचं, एकमजली. त्यात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे फ्रीज. पण अपूर्वानं ते पाहिलं नव्हतं. तिनं लिहून घेतलं आणि खाली पंढरीची सही घेतली.

डॉक्टर अंबरीश यांनी दोन प्लेटी दाखवल्या, एक देशी, एक परदेशी. परदेशीला पंधरा हजार जास्त. "सून नायगावची हाय," पंढरी म्हणाला, "तिला परदेशी लोखंड मानवायचं न्हाई." देशी बसली. दोन लाख चाळीस हजारांचं बिल उपरण्याखाली एक लाख नव्वदवर आलं. पन्नास हजार! एवढं त्यानं कधी कुणाचं उतरवलं नव्हतं. लुंबिनीचे दागिने मोडले, भिशी उचलली, आनंदराजनं बँकेतल्या साहेबाकडून हातउसने आणले, आणि पंढरी महिनाभर मोंढ्यात पन्नास हजारांची गोष्ट सांगत फिरला.

सहा महिन्यांनी फोटो काढला तर हाड जुळलं नव्हतं. दुसरं ऑपरेशन, कमरेचं हाड घेऊन नडगीत भरायचं, खर्च आणखी दीड लाख. आता मोडायला घरात काही नव्हतं. दुकान बंद पडून सहा महिने झाले होते, आणि समोर दुसऱ्यानं झेरॉक्स मशीन टाकलं होतं.

खाटेवर पडल्या पडल्या लुंबिनीनं जे काम ती पन्नास रुपयांत दुसऱ्यांसाठी करायची ते स्वतःसाठी केलं. जीपचा नंबर आनंदराजच्या मोबाइलमध्ये होता. तिनं शोधलं, जीपचा विमा चालू होता. जीपमधल्या दोन बायकांनाही लागलं होतं, म्हणून पोलिसांनी पंचनामा केला होता आणि त्यात 'एक स्कूटी, एक महिला' असं लिहिलेलंही होतं. म्हणजे पहिल्या ऑपरेशनचा, दुसऱ्याचा आणि बुडालेल्या दुकानाचा पैसा जीपच्या विम्यातून मिळायला हवा होता. वकिलानं कागद मागवले. कागद आले, आणि त्यात जिना आला.

"मामा," लुंबिनीनं सासऱ्याला हाक मारली, "हा जिना कुठला?"

"पोराला लायसन न्हाई म्हणून बोललो. त्याला आत टाकलं असतं तर?"

आनंदराजनं खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून लायसन. अपघाताच्या तीन महिने आधीच काढलेलं, फोटोत तो नुकताच मार खाल्ल्यासारखा दिसत होता.

"मला सांगायचं न्हाई का रे?"

"तुम्ही इचारलंच न्हाई, आबा. जगाला इचारता. मला न्हाई इचारलं."

पंढरी उठून अंगणात गेला आणि थोड्या वेळानं परत आला. "मिटवतो मी," तो म्हणाला. "विम्याचा माणूस बी माणूसच असतो. त्याला बी बोटं असतेत."

नांदेडला विमा कंपनीच्या कचेरीत तडजोडीची तारीख मिळाली. आनंदराजला रजा नव्हती. पंढरी धुतलेलं उपरणं घेऊन निघाला, लुंबिनी वॉकर घेऊन. गाडीत मागच्या सीटवर तिचा पाय आडवा ठेवला होता आणि पंढरी पुढे ड्रायव्हरला गोमेची गोष्ट सांगत होता. ड्रायव्हर हसला. लुंबिनी खिडकीबाहेर बघत राहिली. ती गोष्ट तिनं लग्नात पहिल्यांदा ऐकली होती.

कचेरीतली अधिकारी बाई निघाली. विनीता तिचं नाव, पन्नाशीची, चष्मा दोरीला बांधलेला, टेबलावर फाइल उघडी. तिनं पाणी मागवलं, लुंबिनीच्या पायाखाली स्टूल दिलं आणि सरळ मुद्द्यावर आली. "केस पेपरवर घरच्या जिन्यावरून पडल्याची नोंद आहे. सही सासऱ्यांची. दावा फेटाळायला एवढं पुरे. तरी पंचनाम्यात एक महिला आहे, म्हणून कंपनी चाळीस हजार द्यायला तयार आहे. घेतलं तर आज मिटलं."

पंढरीनं उपरणं खांद्यावरून काढलं, हातावर पसरलं, टेबलावर पुढे सरकवलं आणि तिथं त्याला कळलं की समोर बाई बसली आहे. मोंढ्यात कुठल्याच बाईचा हात उपरण्याखाली कधी गेला नव्हता. त्याचा हात तसाच मध्ये अडकला. पुढे नेता येईना, मागे घेता येईना.

"हात पुसायचाय का, बाबा?" विनीतानं विचारलं.

"मामा, हात घ्या इकडं," लुंबिनी म्हणाली.

त्यानं हात घेतला. "मॅडम, जिना मी टाकला. घरात जिना न्हाई. येऊन बघा. पत्र्याचं घर हाय, जिना लावायचा म्हणलं तर आभाळाला लावावा लागंल."

"मान्य. मग कोर्ट म्हणेल, शेजारच्या जिन्यावरून पडली."

पंढरी हसला. सतरा वर्षांत टेबलापलीकडून त्याला पहिल्यांदाच तोडीचं उत्तर आलं होतं.

"हसू नका," विनीता म्हणाली. "तुम्ही म्हणता, तेव्हा खोटं बोललो, आज खरं बोलतोय. पण तेव्हा तुम्हाला पैसे मिळायचे नव्हते, आज मिळणार आहेत. कुणी तुमचं कुठलं बोलणं खरं धरेल? पैसे मिळणार नसताना माणूस खोटं कशाला बोलेल, याचं काही कारण आहे तुमच्याकडे?"

"पोराचं लायसन..."

"लायसन फाइलला लावलंय. वैध आहे."

पंढरीचा मोबाइल वाजला. त्यानं बघितलं, नंबर ओळखीचा नव्हता. म्हणजे कुणाचं तरी हाड मोडलेलं. त्यानं तो खिशात ठेवला, तो खिशात वाजत राहिला.

"कारण आहे," लुंबिनी म्हणाली. "ते सगळ्यांनाच असं सांगायला लावतात."

"लुंबिने, घरचं घरी बोलू."

"घरचं काय हाय त्यात? माझा पाय तेवढा घरचा. बाकी सगळं तालुक्याला ठाऊक हाय." ती विनीताकडे वळली. "मॅडम, हे सतरा वर्षं लोकांना घेऊन दवाखान्यात जातात. प्रत्येकाला शिकवतात, न्हाणीघरात पडलो म्हण, जिन्यावरून पडलो म्हण. माझ्यासाठी येगळं काही केलंच न्हाई त्यांनी. तोंड उघडलं आन् तेच बाहेर आलं. मी सून हाय हे सुदिक ध्यानात नसंल."

विनीतानं चष्मा काढला. "हे लिहून देतील?"

"काय लिहायचं?" पंढरीनं विचारलं.

"हेच. की अपघात रस्त्यावरचा होता, नोंद मी खोटी दिली, आणि अशी खोटी नोंद द्यायला मी लोकांना नेहमी सांगत आलो. कोर्टात उभं राहून हेच सांगावं लागेल. यातलं शेवटचं वाक्य नसेल तर पहिल्या दोन वाक्यांना किंमत नाही."

"लोकांची नावं देणार न्हाई."

"नावं मागत नाही मी. पण एक प्रत डॉक्टरांच्या दवाखान्यात जाईल. त्यांना विचारावं लागेल, नोंदी कशा करता म्हणून."

पंढरीनं उपरण्याची घडी घातली. प्रत रेणुकादासच्याच टेबलावर उघडली जाणार होती. डाक तोच फोडतो. त्यानंतर लातूरला, नांदेडला, कुठल्याच खिडकीतून पंढरीसाठी हात बाहेर येणार नव्हता, आणि एकशे चाळीस जोड मोजे कुणी मोठ्यानं वाचून दाखवणार नव्हतं. ज्यांना त्यानं न्हाणीघरात पाडलं होतं ती माणसं उद्या रस्त्यात त्याला बघून फाटा मारणार होती. त्यांतल्या किती जणांचा पैसा असाच कुठल्यातरी जीपच्या विम्यात पडून राहिला असेल, हे त्याला आज पहिल्यांदा सुचलं, आणि एकदा सुचल्यावर थांबेना. तो मांडी मोडलेला, टेम्पोतला. त्याला ट्रकनं उडवलं होतं. ट्रकला तर विमा असतोच.

"चाळीस हजार घ्यायचे का?" त्यानं सुनेला विचारलं.

"चाळीस हजारात अर्धं हाड बसवतेत का, इचारा डॉक्टरला," लुंबिनी म्हणाली. "तुमच्या बोटांनी पन्नास हजार उतरवले मामा, मी नाकारत न्हाई. पण तुमच्या तोंडानं चार लाख घालवले. मला परत उभं राहायचं हाय. दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं, बसून झेरॉक्स निघत न्हाई."

मोबाइल पुन्हा वाजला. पंढरीनं तो काढून बंद केला.

"लिही," तो म्हणाला.

लुंबिनीनं कागद मागून घेतला. लोकांचे अर्ज लिहून लिहून तिचं अक्षर छापल्यासारखं झालं होतं. मी, पंढरी ग्यानोबा सोनकांबळे, वय चौसष्ट, धंदा हमाली, राहणार उदगीर. ती लिहीत गेली, मधे मधे मोठ्यानं वाचत गेली. शेवटच्या वाक्याशी आली तेव्हा थांबली.

"किती लोकांना सांगितलं म्हणून लिहू?"

"मोजले न्हाईत."

"अंदाजे?"

"मोजले न्हाईत असं लिही. आन् कुणाकडून पैसा घेतला न्हाई, ते बी लिही."

"ते कशाला?" विनीतानं विचारलं. "त्यानं तुमची बाजू काही मजबूत होत नाही."

"न्हाई तर न्हाई. पण हाय तसं हाय."

लुंबिनीनं ते लिहिलं. कागद त्याच्यापुढे सरकवला. पंढरीनं तो उचलून डोळ्यांजवळ नेला आणि पहिल्या ओळीपासून वाचला, सातवी शिकलेला माणूस वाचतो तसा, ओठ हलवत. टेबलावर ठेवून खाली सही केली. नंतर दुसऱ्या प्रतीवर. तिसरी प्रत दवाखान्याची होती. तिच्यावर सही करताना पेन थोडं थांबलं, मग चाललं.

"दाव्याची हमी मी देत नाही," विनीता फाइल बांधत म्हणाली. "पण आता फेटाळणं सोपं नाही. चाळीस हजारांचा विषय मी काढून टाकते. आणि बाबा, पाणी घ्या, तुम्ही घेतलंच नाही."

पंढरी उठला. दाराशी शिपाई बाजूला झाला.

"मामा?" लुंबिनीनं हाक मारली.

मोबाइल चालू करून मघाचा नंबर शोधत तो दार ढकलून बाहेर गेला.